कार्डासाठी ठेवलेली जागा

माहेर माहं करडी गावचं, गाव धानाचं, अन् लहानपनापासून मी बांधीतच, म्हनजे धानाच्या वावरातच, वाढली म्हना ना. रोवन्याच्या, म्हनजे धान लावाच्या दिवसांत चिखलात वाकून वाकून पाय असे पांढरे पडत का माय म्हने, पोरीचे पाय पाहा, शिजलेल्या भातावानी झाले. पन रोवना झाला, कापनी झाली, का हाताले काम नाही, मंग घरी बसून काय करता, तं आमच्याकडच्या बाया भंडाऱ्याले बांधकामावर रेजा म्हनून जात. रेजा म्हनजे घमेलं वाहनारी बाई, लिहून घ्या ताई. त्यायच्यासंगं मी भी निघाली, अन् तिथंच मिस्त्री भेटले. लगन होऊन इतके वर्सं झाले तरी मी त्यायले मिस्त्रीच म्हनते, दुसरं काही तोंडातच येत नाही. पहिल्या दिवशी मले म्हनले, ए पोरी, माल पातळ झाला, रेती टाक. मी म्हटलं, माल मी नाही कालवला, ज्यानं कालवला त्याले सांगा. साऱ्या बाया हसल्या. मिस्त्री नाही हसले, पन दुसऱ्या दिवसापासून माह्या घमेल्यात माल कमी भराले लागले. मले समजलं, पन मी काही बोलली नाही, काहून बोलू, हलकं घमेलं कोनाले नको असते.

विहारात लगन झालं, साधंच, अन् मी इथं कारध्याले आली. हे घर आमच्या दोघांच्या हाताचं आहे ताई. ईटा मी दिल्या, त्यायनं लावल्या. लेकरू झालं नाही आमाले, ते सांगून टाकते, म्हनजे तुमी मंग विचाराचं का नाही विचाराचं अशा बसू नका. तं दोघांपुरतं घर, पन स्लॅब टाकला तवा मिस्त्रीनं चारही खांबांच्या सळाखी वर उभ्या ठेवल्या, उद्या वरचा मजला चढवा लागला तं. आमच्याकडं साऱ्याच घरांवर दिसतील तुमाले अशा सळाखी, त्याच्यावर लोक कपडे वाळवतात, काही वर्सांनं मजला चढते, काहींचा कधीच चढत नाही. मी म्हटलं, आपन दोघंच तं आहो, वर कोन राहाले येऊन राहिलं? तं म्हनले, मिस्त्रीच्याच घराचा स्लॅब बोडका राहिला तं लोक मले काम देतील का? असं बोलनं त्यायचं. अन् दर उन्हाळ्यात वर चढून त्या सळाखींले सिमेंटचा घोल लावत, म्हनजे पान्यापावसानं गंज नाही धरत. लोकांच्या घरांचं कामही बहुत केलं त्यायनं, इकडं जवाहरनगरच्या कारखान्यातल्या नोकरीवाल्यांचे घरं आहेत ना, रिटायर व्हाच्या आधी बांधून ठेवतात, त्यातले किती तरी मिस्त्रीच्या हातचे. ओळंबा लावाच्या आधीच डोळ्यानं सांगत, भिंत बाहेर जाऊन राहिली म्हनून.

काय सांगू तुमाले, माणूस पडाचा असला का साध्याच जागी पडते. प्लास्टरचं काम होतं, परांची काही फार उंच नव्हती, बांबूची दोरी सरकली अन् मिस्त्री पाठीवर आले. खाली ईटांचा ढीग होता. मी तिथंच होती, घमेलं घेऊन. कंबरेखालचं गेलं. हात चांगले आहेत, डोकं चांगलं आहे, जीभ तं पयल्यापेक्षा तिखट झाली, पन पाय नाही. दवाखाने केले, मालिश केली, कोनी जे सांगितलं ते केलं. चाकाची खुर्ची मिळाली, तं तिच्यावर बसाले तयार नाही. मी त्या खुर्चीवर धुतलेले कपडे ठेवाले लागली. या खिडकीजवळ खाट टाकली, तिथून नदीवरचा पूल दिसते, म्हटलं येनारं-जानारं पाहाले तरी होईल. पन किती पाहील माणूस? पूल का कुठं जाते?

मंग मोबाइलवर खेळाले लागले. मले राग ये. मी सकाळी उठून त्यायचं सारं करू, कुस बदलवून देऊ, पाठ पुसू, डबा भरून कामाले जाऊ, अन् हे हातात मोबाइल घेऊन ट्रक चालवून राहिले. मी म्हनो, खरा ट्रक तं चालवता येत नव्हता, सायकलवरून पडत होते तुमी. पन एक दिवस पाहिलं तं ट्रक नव्हता, गाव बांधून राहिले होते. असा खेळ असते म्हने, आपनच रस्ते टाकाचे, घरं बांधाचे, पानी आनाचं, लोक राहाले येतात. मिस्त्रीनं नदी घेतली, नदीच्या अलीकडं गाव, पलीकडं शहर. मी म्हटलं, हे तं कारधाच. तं म्हनले, हो, पन नाल्या सरळ टाकल्या मी. तवा मी बहुत दिवसांनी हसली. पन गाव मोठं झालं का मोबाइल अडके. पुलापर्यंत आले का सारं जाम, बंद पडे, पुन्हा पयल्यापासून. मिस्त्री मोबाइल उशीवर आपटत. म्हनत, याच्यात गाव वाढत नाही.

तवापासून कम्प्युटर त्यायच्या डोक्यात बसला. तयार मिळते तो नाही, आपन एकेक भाग निवडून जोडाचा, असे खेळनारे लोक करतात म्हने. दिवसभर त्याचेच व्हिडिओ पाहात. अन् मले म्हनाले लागले, सुनंदा, हे तं घरच आहे, काही वेगळं नाही. मंग त्या खाटेजवळच्या भिंतीवर, हे पाहा इथं, मिस्त्रीची ती चपटी पेन्सिल असते ना, त्या पेन्सिलीनं नकाशा काढला. मी चुना मारलेली भिंत, मी आधी चिडली, पन माणूस कोपरावर उठून काढून राहिला होता ताई, पडल्यापासून पहिल्यांदा स्वतःहून उठला होता, मी कायले बोलते. मोठी चौकट म्हनजे डबा, त्याले कॅबिनेट म्हनतात. त्याच्यात बोर्ड, तो म्हनजे पाया. वीज देनारा सप्लाय. प्रोसेसर, तो सारा हिशेब करते, कोनता घ्याचा ते नावही लिहिलं. अन् काही चौकटी तुटक तुटक रेघेच्या काढल्या. मी म्हटलं, पेन्सिल संपली का? तं म्हनले, नाही वो, हे मागून लावाचं आहे. एक मोठं कार्ड, खेळातलं सारं चित्र तेच काढते, ते महाग असते, ते मागून. आनखी एक रॅम, कामापुरतं ध्यानात ठेवनारी पट्टी, ते भी मागून. पन जागा आत्ताच ठेवा लागते, डबा मोठा घ्या लागते, सप्लाय जास्तीचा घ्या लागते, नाही तं उद्या कार्ड आनलं अन् बसलंच नाही. सळाखी ठेवतो ना आपन, तशा.

रोज संध्याकाळी मी कामावरून आली का त्या भिंतीपाशी चहा. आज बोर्ड बदलला, का तं त्याच्यात दोनच खाचा होत्या रॅमच्या, चार पाहिजे. आज पंखे बदलले, उन्हाळ्यात आपल्याकडं भल्लं तापते. मले अर्धं समजे, अर्धं नाही, पन मी विचारो, कार्ड कधी लावाचं? ते म्हनत, पुढच्या सालात पाहू. पुढचं साल, ताई! या माणसाच्या तोंडून. माही नणंद आली होती, शकूबाई, ती म्हने, अवो वहिनी, खाटेवरचा माणूस अन् पोट्ट्यासारखे खेळ, त्याच्यापेक्षा एक गाय घ्या. मी म्हटलं, गाय यायच्यासंगं पुढच्या सालाचं बोलन का? थोडंथोडं करून मी जमवत होती, ते सांगत बसत नाही, होऊन जाते माणसाचं.

मंग नागपूरले दाखवाले नेलं. मोठे डॉक्टर होते, चांगले होते, सारे फोटो पाहिले, अन् सरळ सांगून टाकलं, आहे तसंच राहील आता, याच्यात सुधारना होनार नाही, जखमा होऊ देऊ नका, खुर्चीवर बसवत जा. त्यायचं काही चुकलं नाही. पन मिस्त्रीच्या मनात काही तरी होतं इतके दिवस, आपन उठू असं, ते मले कधी बोलले नव्हते, मले त्या गाडीत समजलं. भंडाऱ्यापर्यंत आपल्याच गुडघ्यांवरून हात फिरवत राहिले.

दुसऱ्या दिवशी कामावरून आली तं भिंत ओली. तोंड पुसाचा दुपट्टा होता, तो पान्यात बुडवून त्यायनं त्या तुटक रेघेच्या चौकटी पुसून टाकल्या होत्या. बाकीचं तसंच, पन कार्डाची जागा नाही, दुसऱ्या रॅमची नाही, डबाही अर्धा पुसला, त्याच्यात प्रोसेसरचं नावही गेलं. भिंतीवर नुसता काळा फराटा. मी म्हटलं, हे काय केलं? तं भिंतीकडं तोंड करूनच म्हनले, लहान डबा घे, सारं जोडून बंद केलेला मिळते तो. त्याच्यात पुढं काही टाकता येत नाही, टाकाचंही नाही. मले आता पुढचं काही नको, सुनंदा. अन् त्या वरच्या सळाखी कापून भंगारवाल्याले देऊन टाक, फालतू गंजून राहिल्या.

 रडू आलं असतं तं बरं झालं असतं, पन मले राग आला, असा राग आला का बस. जेवन ठेवलं, खाल्लं नाही. दुसऱ्या दिवशी अर्धी पोळी. पाठीले जखम व्हाले लागली, कुस बदलवाले गेली तं म्हनत, राहू दे. खेळ नाही, मोबाइल नाही. मी भेली ताई, खोटं कायले सांगू. दुपट्टा पन त्यायच्या हाताशी ठेवाचं बंद केलं मी, जिवाचं काही करून घेतील म्हनून. घमेलं डोक्यावर असे अन् मनात हेच, का आता घरी जाऊन काय पाहान.

मंग एक दिवस कामाले गेलीच नाही, जमवलेले पैसे घेतले अन् पूल ओलांडून भंडाऱ्यातल्या कम्प्युटरच्या दुकानात गेली. दुकानवाले भाऊ बसले होते. मी म्हटलं, खेळाचा कम्प्युटर बनवाचा आहे, अन् डबा मोठा द्या, बोर्ड चार खाचांचा द्या, सप्लाय जास्तीचा द्या, पुढं कार्ड लागनार आहे. ते भाऊ पाहातच राहिले, लुगडं नेसलेली बाई, हाताले सिमेंट, अन् सप्लाय जास्तीचा मागते. म्हनले, ताई, कार्ड नक्की लावनार ना? तं एवढ्याच पैशात हा प्रोसेसर घ्या, जोरदार आहे, फक्त त्याच्यात चित्र नाही, चित्र कार्डातूनच येईल. मी म्हटलं, जोरदार द्या. मले काय वाटलं, सांगू? मले वाटलं चित्र म्हनजे खेळातलं ते भारी चित्र, ते वरच्या मजल्याचं काम, ते मागून होते. खालचं घर तं झालं, माणूस राहाले लागते. आमी सारी जिंदगी तेच केलं. पाया मजबूत, खांब मजबूत, वरचं वर पाहू. म्हटलं, द्या, कार्डाचं आमी पाहून घेऊ, तं भाऊले वाटलं कार्ड आमच्याजवळ आहेच.

भाऊनं तिथंच सारं जोडून दिलं, मी ऑटोत मांडीवर धरून आनलं, पुलावर खड्डा आला का माहा जीव खालीवर. मिस्त्रीनं डोळे उघडून पाहिलं, डबा पाहिला, एवढा मोठा, अन् पुन्हा भिंतीकडं वळले.  टीव्हीले वायर लावली, भाऊनं समजावून दिलं होतं तशीच. बटन दाबलं. पंखे फिराले लागले, आत निळा लाइट लागला, अन् टीव्हीवर काहीच नाही, सिग्नल नाही म्हने. वायर काढून लावली. बंद केला, चालू केला. बंद केला, चालू केला. मी त्या डब्याजवळ फतकल मारून बसली अन् तवा मले रडू आलं, इतक्या दिवसांचं सारं तवाच आलं. इतकं करून आनलं अन् मेलेलं आनलं असं वाटलं मले.

तं मागून आवाज आला, प्रोसेसर कोनता दिला?

मी नाक पुसत म्हटलं, जोरदार.

जोरदार म्हनजे कोनता? खोका आन इकडं.

खोका दिला. मिस्त्रीनं डोळ्यांजवळ धरून वाचला, फिरवला, पुन्हा वाचला. मंग कोपरावर उठले अन् माह्यावर असे ओरडले का शेजारची बाई बाहेर आली. अवो, याच्यात चित्रच नाही! कार्ड नाही तवर हा दिसतच नाही! मी कोनता लिहिला होता भिंतीवर? त्याच्यात चित्र होतं म्हनूनच लिहिला होता ना? स्लॅब टाकला अन् दार नाही ठेवलं तू, आता घरात जाशील कुठून? मी म्हटलं, तुमीच पुसलं ना, मी काय वाचू? भिंत वाचू का फराटा वाचू?  मंग मिस्त्रीले हसू आलं. आधी थोडंसं आलं, मंग पोट धरून. म्हनले, रेजा ते रेजाच राहिली तू. मी म्हटलं, अन् मिस्त्री काम सोडून पडून राहिले तं रेजानं काय कराचं? तवा हसू थांबलं त्यायचं. 

आतलं पाहाचं आहे म्हनले. खाटेवरून दिसत नव्हतं. मी खुर्चीवरचे कपडे उचलले, खुर्ची खाटेजवळ आनली. त्यायनं हात टेकवले, मी काखेत धरलं. बसले, ताई. डब्याचं झाकन काढून मांडीवर ठेवलं अन् एकेक बोटानं दाखवाले लागले, हे काय, ते काय. भाऊनं काम नीट केलं म्हनले, वायरी पाहा कशा बांधल्या. कामाचं कौतुक करताना मिस्त्रीचा आवाजच वेगळा असते.

मी दुकानात फोन केला. भाऊ म्हनले, काही हरकत नाही ताई, उद्या आना, चित्रवाला प्रोसेसर बदलून देतो, लगेच सुरू होईल. मी हे सांगितलं तं मिस्त्री म्हनले, नाही. मी म्हटलं, अवो, लगेच सुरू होईल म्हनतात. तं म्हनले, राहू दे. चांगला आहे हा. कार्ड लावू. मी विचारलं, कधी? ते म्हनले, लागेल तवा लागेल, वाट पाहू. अन् हात पुढं केला, पेन्सिल दे.

थोड्या दिवसांनी, उन लागाले लागलं तवा, खुर्चीवरूनच म्हनले, सळाखींले औंदा घोल लावला का? मी म्हटलं, मिस्त्री पडल्यापासून कोनी नाही लावला. तं म्हनले, मंग चढ. मी वर गेली, बादली घेऊन, अन् हे खाली अंगनात, मान वर करून, दाट कर, पातळ झाला, रेती नाही टाकाची याच्यात, खालपर्यंत लाव. मी वरून म्हटलं, माल मी नाही कालवला का आज? लोक रस्त्यानं जाता-जाता पाहात होते.

आता सारं ठीक झालं असं नाही ताई, तसं लिहू नका. पाठीची जखम भरली, पन पुन्हा होते. काही दिवस असे येतात का बोलत नाही, जेवत नाही, खुर्चीवर बसा म्हटलं तं अंगावर येतात. त्या दिवसांत मी आधी भिंत पाहाते. रेघा आहेत का पाहाते, मंग चूल पेटवते. कार्ड अजून आलं नाही. दर सकाळी वंदना झाली का मिस्त्री तो डबा चालू कराले लावतात, पंखे फिरतात, निळा लाइट लागते, दिसत काहीच नाही, थोडा वेळ ऐकतात अन् बंद कराले लावतात. मशीन बसून राहाले नको, म्हनतात. शकूबाई म्हने, दिसत नाही तं चालू कायले करता, बिल येईल. येऊ दे. अन् मनातलं सांगू का तुमाले, ते कार्ड लवकर यावं असं मले वाटते, जमवूनही राहिली मी, पन कधी कधी वाटते येऊच नये. आलं, लावलं, चित्र दिसलं, गाव बांधून झालं, पूल बांधून झाला, मंग पुढं काय? मंग या माणसाले मी कायची वाट पाहाले लावू?

हे मनात घेऊनच मी काल खाटेजवळची भिंत झाडून राहिली होती, तं कार्डाच्या चौकटीच्या बाजूले आनखी एक लहानशी चौकट दिसली, तुटक रेघेची, नवीन. मी म्हटलं, हे काय होय? रॅम तं इकडं आहे. मिस्त्री म्हनले, हे अजून बाजारात निघालं नाही. निघेल. पेन्सिल बोथट झाली होती ताई, तिले टोक करून दिलं.